नव्या पीसीचा आवाज

मे महिन्यातल्या दुपारी जळगावात लाइट जाते तेव्हा आधी पंखा थांबतो, मग कूलर. खोली इतकी गप्प होते की नुकत्याच असेंबल करून आणलेल्या पीसीचा आवाज पहिल्यांदाच कानावर पडतो. बारीक घूंऽऽ. पैसे ताजे मोजलेले असतात, त्यामुळे छातीत धस्स होतं. आणि बहुतेक वेळा तो आवाज पीसीचा नसतोच. टेबलाखाली यूपीएस बसलेला असतो. तो बॅटरीवर आला की साध्या घरगुती यूपीएसमधून निघणारी वीज गुळगुळीत लहरीची नसते, पायऱ्यापायऱ्यांची असते. तिने त्याचा ट्रान्सफॉर्मर घुमतो, कधी एसएमपीएसही, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा आतला डबाही, त्याच्या सुरात सूर मिसळतो. लाइट आली की दोघेही गप्प.

याच यूपीएसचा दुसरा चाळा म्हणजे मधूनच ‘टक्’. यावल-रावेरकडे केळीच्या बागांवरच्या मोटारी एकदम सुरू झाल्या की व्होल्टेज बसतं, व्होल्टेज सावरायला आतला रिले, म्हणजे विजेवर चालणारं बटण, ट्रान्सफॉर्मरचा टॅप बदलतो, टक्. मोटारी थांबल्या, व्होल्टेज चढलं, पुन्हा टक्. हे हार्ड डिस्कचं मरण समजून माणसं हवालदिल होतात. पीसी चालू-बंद करताना एसएमपीएसमधूनही एक टक् येऊ शकतो. तोही रिलेच. त्याला काही करायचं नसतं.

‘भो, आवाज कथाईन ई ऱ्हायना?’ (भाऊ, आवाज कुठून येतोय?) हा प्रश्न खानदेशात विहिरीवरच्या इंजिनापासून पिठाच्या चक्कीपर्यंत सगळ्या यंत्रांबद्दल विचारून झालाय. ज्याला विचारायचा, तो जाणता माणूस आधी पान्याला हात लावत नसे. मान तिरकी करून नुसता ऐकत राही. भुसावळला गाडी थांबली की लांब दांड्याची हातोडी घेतलेला रेल्वेचा माणूस चाकाचाकावर ठोका देत जायचा. टण्ण वाजलं की पुढे. बद्द वाजलं तर चाकात काहीतरी बिनसलंय. खिडकीतून वाकलेली पोरं त्या बद्दची वाट बघायची आणि तो काही येत नसे. कुणाची तरी आई फलाटावरच्या केळीवाल्याशी घासाघीस करत असे आणि तेवढ्यात तो माणूस पार शेवटच्या डब्याकडे पोचलेला असे.

पीसीचंही तसंच. स्क्रू ड्रायव्हर नंतर. आधी पंखा, कूलर, फ्रीज बंद करा, यूपीएस काढून पीसी थेट सॉकेटवर लावा आणि जुन्या कॅलेंडरची सुरळी करून तिचं एक टोक कानाला धरा. दुसरं टोक कॅबिनेटभोवती सावकाश फिरवा, पात्यांपासून चार बोटं लांब ठेवून. उघड्या कानाला आवाज सगळीकडूनच आल्यासारखा वाटतो, सुरळीला जागा कळते. मग बाजूच्या पत्र्यावर तळहात दाबा. आवाज थांबला तर दोष पत्र्याचा: स्क्रू आवळा, नाहीतर कडेला फोमची पट्टी चिकटवा.

नव्या जोडणीतले दोष बहुधा फालतूच असतात. टर्रर्र वाजतंय म्हणजे एखादी वायर पात्याला लागतेय, केबल टाय ओढला की संपलं. अशा वेळी संशय असलेल्या पंख्याच्या मधल्या गोल बुंध्यावर बोट टेकवून तो क्षणभर थांबवायचा आणि आवाज थांबतो का ते ऐकायचं. पात्याला बोट लावायचं नाही, आणि ग्राफिक कार्डाच्या पंख्यांशी हा खेळ नको. ते तसेही थंड असताना बरेचदा आपोआप थांबलेले असतात आणि लोक ‘पंखा फिरत नाही’ म्हणून घाबरतात. पंख्याचे स्क्रू ताकद लावून पिळले तर चौकट वाकते आणि बेअरिंग घरघरतं. अर्धा फेरा सैल करून बघा. कॅबिनेट तिरपं केल्यावर खुळखुळ झाली, तर आत एक स्क्रू राहून गेलाय. पीसी लगेच बंद करा, वायर काढा आणि स्क्रू सापडेपर्यंत चालू करू नका. मदरबोर्डाखाली अडकलेला स्क्रू आवाज न करता बोर्ड जाळू शकतो.

पंखा सतत पूर्ण वेगाने घोंघावत असेल तर बहुधा तो तीन पिनांचा आहे आणि बायोसमध्ये, म्हणजे पीसी सुरू होताना उघडणाऱ्या मदरबोर्डाच्या सेटिंगमध्ये, त्याचं हेडर (पंख्याची वायर जिथे लागते ती जागा) पीडब्ल्यूएमवर, म्हणजे चार पिनांच्या पंख्यांच्या पद्धतीवर ठेवलंय. तिथे डीसी, म्हणजे व्होल्टेज कमी-जास्त करून वेग ठरवणारी पद्धत, निवडा. मात्र ‘भर्रर्र, शांत, पुन्हा भर्रर्र’ हे दुखणं खास आपल्याकडचं. बायोसमधली मूळ मांडणी बहुतेक एसी खोली डोळ्यांसमोर ठेवून केलेली असावी. आपल्या खोलीतच 40 अंश असतात, आणि हवेचा कुठलाही कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. मशीन रिकामं बसलं तरी पारा पन्नासाच्या पुढे. तेवढ्यात ब्राउझर उघडला की तो क्षणभर उसळतो आणि पंखा त्याच्यामागे धावतो. म्हणून फॅन कर्व्ह, म्हणजे किती तापमानाला पंखा किती वेगाने फिरेल याची बायोसमधली रेघ, साठ अंशांपर्यंत जवळजवळ सपाट ठेवायचा, पुढे 85 पर्यंत चढत न्यायचा आणि वेग वाढण्याआधीचा थांबा काही सेकंदांनी लांबवायचा. जिनिंगच्या हंगामात सरकी-कापसाचा बारीक तंतू पुढच्या जाळीवर बसतो, हवा अडते, पंखे उगाच जोर करतात. जाळी धुऊन, पूर्ण वाळवून मगच लावा.

प्रोसेसरला पाण्याचा कूलर असेल तर त्यात सुरुवातीला थोडं गुडगुडणं चालतं. चालूच राहिलं तर पंप रेडिएटरपेक्षा वर बसवलाय का, ते बघा. हवा वर चढते आणि सर्वांत उंच जागी साठते. ती जागा पंपाची नको.

हेडफोनमध्ये माऊस हलवला की चिरचिर येते, तिचा पंख्यांशी संबंध नाही. पुढचा जॅक सोडून मागचा वापरून बघा. तरी राहिली तर कॅबिनेटच्या पत्र्याला टेस्टर लावा. उजळला, किंवा अनवाणी पायाने हात लावल्यावर मुंग्या आल्या, तर घराचं अर्थिंग गेलंय. मीठ-कोळसा घातलेला तो खड्डा उन्हाळ्यात पार सुकतो आणि त्यात घागरभर पाणी ओतायचं कुणाच्या लक्षात राहत नाही. खड्डा ओला करूनही मुंग्या राहिल्या तर वायरमन बोलवा. तीन पिनांच्या प्लगला दोन पिनांचा जोड लावून वर ‘चालतंय की’ म्हणणारा माणूस प्रत्येक घरात असतोच.

एसएमपीएस उघडायचा नाही. वायर काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जिवावर बेतेल एवढी वीज शिल्लक असू शकते. त्याचा पंखा वाजत असेल तर वॉरंटीत अख्खा बदलून घ्या.

नव्या डब्यात जुनी हार्ड डिस्क टाकायची आपली रीत आहे: ‘फेकायची कशाला?’ मिनिटाला 7200 फेऱ्यांची डिस्क 120 हर्ट्झला मंद गुणगुणते. पत्रा त्या सुरात थरथरला तर रबरी वॉशर पुरतं. पण कट्... कट्... कट् अशी तालात टिचकी आणि मधे सगळं गोठणं, हे वेगळं. तिथे सुरळी, तपासणी, चर्चा सगळं बाजूला ठेवा. दुसरी डिस्क लावा आणि आजीच्या ओव्यांचं रेकॉर्डिंग आधी उतरवून घ्या. लग्नाचे फोटो नंतर, ते निदान चार नातेवाइकांकडे तरी असतात.

उरतो तो सर्वांत चिवट आवाज, ग्राफिक कार्डाचा चींऽऽ. कार्डावरच्या कॉइल विजेच्या झटक्यांनी थरथरतात, त्याचा हा सूर. गेमच्या मेनूत, जिथे काहीच घडत नाही, तिथे कार्ड सेकंदाला शेकड्यांनी फ्रेम, म्हणजे पडद्यावरची चित्रं, काढत बसतं आणि नेमकं तेव्हाच जास्त किंचाळतं. फ्रेमची मर्यादा 60 वर बांधली की आवाज बराच उतरतो. यात कार्ड बिघडत नाही, म्हणूनच दुकानदार बहुधा ते बदलूनही देत नाही. घरात यावरून वाद होतो, कारण पोराला ऐकू येतो आणि बापाला नाही. वयाबरोबर वरच्या पट्टीतले आवाज आधी जातात. ‘कुठे काय वाजतंय?’ असं बाप म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. वीसेक वर्षांत पोरालाही यायचा बंद होईल. तोवर तो पीसी कुठला राहतोय!