आवरलं का?

शुक्रवार, रात्रीचे साडेदहा.

आज रोजची गाडी गेली. गोखले रोडवरून जवळजवळ पळतच निघाले होते, पण ठाणे स्टेशनबाहेरच्या सॅटिसवरून, म्हणजे बसच्या उंच मार्गावरून, पुलावर येईपर्यंत ती हलली होती. मग मागून कल्याणहून भरून आलेली घेतली आणि मुलुंड जाईपर्यंत पाय टेकवायला जागा नव्हती. ऑफिसात लेट मार्क लागला. या महिन्यातला दुसरा. तीन झाले की अर्धी रजा जाते. तरी आजचा दिवस मी आनंदात काढला आणि का ते आजच लिहून ठेवायचं आहे. नाहीतर महिन्याभराने फक्त लेट मार्क लक्षात राहील.

आज आईंनी निऱ्या स्वतः घातल्या.

आई म्हणजे माझ्या सासूबाई, वय ७८. ठाण्यातल्याच एका शाळेत त्यांनी चौथीला शिकवलं, सगळी नोकरी सकाळच्या शाळेत. मी लग्न होऊन नौपाड्यात आले तेव्हा त्यांची निवृत्तीला थोडी वर्षं राहिली होती. पहाटे उठून पाणी भरायचं, दोन डबे करायचे, आणि सव्वासहाला त्या कपाटाच्या आरशासमोर उभ्या राहायच्या. सहा पंचविसाला पायात चपला. दहा मिनिटांत सहावारी, अंबाडा, कुंकू, घड्याळ, सगळं. पदराला एकच पिन. मी तेव्हा नवी होते, मला साडी नेसायला अर्धा तास लागायचा आणि तरी मागून पायघोळ व्हायची. त्या दारातून विचारायच्या, "आवरलं का गं?" त्या विचारण्यात घाई असायची, राग कधीच नसायचा.

आमच्या घरात सकाळी सगळ्यात जास्त बोलला जाणारा शब्द हाच. आवर लवकर. माझं आवरलंय. अंथरुणं आवर, ओटा आवर. रडणाऱ्या पोरालाही आपण 'आवर आता' म्हणतो. पसरलेलं, सांडलेलं, सुटलेलं सगळं गोळा करून जागच्या जागी आणायचं, मग ते घर असो की स्वतः. इतकी वर्षं मी हा शब्द वापरला, पण आवरणं म्हणजे किती काम असतं ते मला या वर्षी कळलं.

जूनमध्ये, पहिला मोठा पाऊस झाला त्या दिवशी, आई मोरीत घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन करून मांडीच्या हाडाचा वरचा गोळा काढला आणि तिथे धातूचा बसवला. दुसऱ्या दिवशी त्यांना वॉकर धरून उभं केलं तेव्हा मला वाटलं, झालं, सुटलो. घरी आल्यावर कळलं की काय काय करायचं नाही त्याचीच यादी मोठी आहे. खाली वाकायचं नाही, मांडी घालायची नाही, पायावर पाय टाकायचा नाही, पाटावर बसायचं नाही. ज्या बाईचं उभं आयुष्य पाटावर बसून गेलं, वेणीफणी, कुंकू, भाजी निवडणं, पोथी वाचणं, तिला हे सांगायचं म्हणजे काय ते विचारू नका.

ऑगस्टअखेर माझी रजा संपली. आमच्या इमारतीत टाकीचं पाणी पहाटे साडेपाच ते साडेसहा सोडतात, म्हणजे चौघांच्या अंघोळी, भांडी, धुणं सगळं त्या तासाला बांधलेलं. मला साडेसातला घर सोडायचं. मी हिशेब घातला. आईंचं अंग ओल्या फडक्याने पुसायचं, गाऊन घालायचा, केस मागे घेऊन रबर लावायचा, की झालं. घड्याळ लावून पाहिलं तर १२ मिनिटं. ओट्यावरच्या कालनिर्णयात दुधाच्या हिशेबाशेजारी मी ते लिहूनही ठेवलं. त्या १२ मिनिटांचा मला अभिमान वाटत होता, खरं तेच लिहिते.

आई काही बोलल्या नाहीत. हात वर करा म्हटलं की हात वर करायच्या. मान खाली म्हटलं की मान खाली. दोन महिने असं चाललं. त्यांचं बोलणं कमी झालंय हे आधी माझ्या लेकीच्या लक्षात आलं. मी म्हटलं, औषधांनी होत असेल.

मग दिवाळी आली. भाऊबीजेला डोंबिवलीहून मामा आले, आईंचे धाकटे भाऊ, त्यांचंही वय ७२. ओवाळणीचं ताट मी तयार ठेवलं होतं. आईंना बाहेर आणायला आत गेले तर त्या भिंतीकडे तोंड करून पडलेल्या. हळूच म्हणाल्या, "झोपलेय म्हणून सांग त्याला."

मी म्हटलं, "अहो आई, ते मुद्दाम आलेत."

त्यांनी गाऊनचा गळा मुठीत धरला होता. "अशी जाऊ होय त्याच्यासमोर?" एवढंच म्हणाल्या.

मामांनी आत येऊन पलंगाच्या कडेला बसून ओवाळून घेतलं. आईंनी वर पाहिलं नाही. ताटातली सुपारी गडगडत पलंगाखाली गेली, ती मी वाकून काढली आणि वाकलेलीच थोडा वेळ राहिले, कारण उठून त्यांच्याकडे बघायची माझी हिंमत नव्हती. मी रोज केवढा तरी वेळ वाचवला होता. त्या वेळात त्या काय करत होत्या? छताकडे बघत पडून होत्या.

दिवाळीनंतर फिजिओंच्या सांगण्यावरून एक ऑक्युपेशनल थेरपिस्ट बाई, म्हणजे रोजची कामं परत स्वतःची स्वतः करायला शिकवणाऱ्या, घरी येऊन गेल्या. त्यांनी आधी आईंना काहीच विचारलं नाही, मला विचारलं, "यांचं आवरून कोण देतं?" मी म्हटलं, मीच. "आणि त्या स्वतः काय काय करतात?" मला उत्तर देता आलं नाही.

त्या बाईंनी जे समजावलं ते मी नंतर नीट वाचूनही घेतलं. सिडनी कॅट्झ नावाच्या अमेरिकी डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये रोजच्या जगण्यातल्या सहा कामांची मोजपट्टी मांडली. अंघोळ, कपडे घालणं, संडासला जाणं, पलंग-खुर्चीवरून उठबस, मलमूत्रावर ताबा आणि हाताने जेवणं. ही सहा कामं ज्या म्हाताऱ्या रुग्णांना बघून ठरली त्यांत खुब्याचं हाड मोडलेली माणसंच होती, आमच्या आईंसारखी. त्यांना असं दिसलं की माणूस खंगत जातो तेव्हा सहसा अंघोळ आणि कपडे आधी सुटतात, जेवण सगळ्यात शेवटी. सुधारताना उलट. तान्हं मूल जसं आधी हाताने खायला शिकतं आणि अंगात सदरा घालायला कितीतरी उशिरा, तसंच. म्हणजे साडी नेसणं परत यायला वेळ लागणारच होता. आणि मी तर तिथपर्यंत पोचायची वाटच बंद करून टाकली होती, १२ मिनिटांसाठी.

बाई म्हणाल्या, "त्यांच्याकडून करून घ्या. वेळ लागू दे. तोच त्यांचा व्यायाम आहे."

दुसऱ्या दिवसापासून गजर साडेचारचा. पाण्याच्या आधी उठायचं, म्हणजे पाणी आलं की बादल्या नवरा बघतो, चहाही तोच टाकतो, आणि डबा मी रात्रीच अर्धा करून ठेवते. पहिल्या दिवशी एक तास पस्तीस मिनिटं लागली. त्यातली वीस मिनिटं नुसती ब्लाउजच्या हुकांची. माझे हात शिवशिवत होते. हूक लावायला दोन सेकंद लागतात मला! पण बाईंनी सांगितलं होतं, हात पाठीमागे बांधून उभ्या राहा. खरोखर तशीच उभी राहिले.

परकर पायातून घालायचा तर वाकावं लागतं, म्हणून डोक्यावरून. खालचे कपडे खुर्चीवर बसून, ऑपरेशनचा पाय आधी आत, आणि काढताना तोच शेवटी बाहेर. हे आईंनी दोन दिवसांत पाठ केलं, शाळेतल्या बाईंसारखं स्वतःशी मोठ्याने म्हणत. "घालताना दुखरा आधी, काढताना दुखरा नंतर." रेशमी, सिंथेटिक साड्या बाजूला ठेवल्या, सरकतात. जुनी सुती, धुऊन धुऊन मऊ झालेली, खळ न केलेली बरी पडते. पलंग पाठीशी, वॉकर समोर, मधे आई उभ्या. पहिला वेढा त्या एका हाताने खोचायच्या, दुसरा हात वॉकरवर. पदर मी घ्यायचे. निऱ्या मी घालायचे.

निऱ्यांचीच खरी अडचण होती. त्यांना दोन्ही हात लागतात. म्हणजे वॉकर सोडून उभं राहावं लागतं, नुसत्या स्वतःच्या पायांवर, आणि नजर खाली हातांकडे.

साडी नेसून झाली की खुर्चीवर बसून केस. लेक अंबाडा घालून द्यायची, आता तोही त्यांचा त्या घालतात. मग डबी उघडायची. बोटाला मेण घेऊन कपाळावर गोल फिरवायचं आणि त्यावर करंड्यातलं कुंकू, दाबून. खाली सांडलेला कण करंगळीने टिपायचा. सासरे जाऊन नऊ वर्षं झाली, कुंकू त्यांनी कधी सोडलं नाही. "लहानपणी आईनं लावलं होतं, ते लग्नाचं कुठे होतं?" असं तेव्हा त्यांनी भरल्या घरात सांगितलं होतं. कोल्हापूरकडच्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांच्या प्रथा बंद करायचा ठराव २०२२ मध्ये केला तेव्हा पेपरातलं ते कात्रण त्यांनी देवघराच्या ड्रॉवरमध्ये ठेवलंय, अजून आहे.

खालच्या मजल्यावरच्या काकू परवा म्हणाल्या, "घरातच तर असतात, मग एवढं सगळं रोज कशाला? गाऊनच बरा गं, तुझीही धावपळ वाचेल." त्या माझ्या काळजीनेच बोलल्या. पण मला ते पटत नाही आणि मी तसं सांगितलं. घरात असणं म्हणजे कुठे नसणं नाही. साडेसातला त्या आवरून हॉलमधल्या खुर्चीत बसतात, पेपर घेतात, दूधवाल्याशी हिशेब करतात, समोरच्या मुलाला पाढे विचारतात. गाऊनमधे यांतलं काहीही त्या करत नव्हत्या.

कालनिर्णयात आता त्यांच्या सांगण्यावरून मी आकडे लिहिते. दीड तासाचा सव्वा झाला, मग एक तास दहा. मागच्या आठवड्यात एक दिवस मी घड्याळ बघून म्हटलं, "आई, ५७ मिनिटं!" तर लगेच म्हणाल्या, "अगं, पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली तेवढ्या वेळात. १६ एप्रिल १८५३." किती वर्षं मुलांकडून घोकून घेतलं असेल त्यांनी हे. बऱ्याच दिवसांनी त्या हसल्या.

आणि आज. मी दारात उभी, तोंडात केसांची पिन, माझा अंबाडा अर्धवट. पदर घेऊन द्यायला पुढे होणार इतक्यात त्या म्हणाल्या, "थांब." दोन्ही हात वॉकरवरून काढले. पोटऱ्या किंचित पलंगाला टेकवल्या. डाव्या हाताचा अंगठा आणि करंगळी ताणली आणि उजव्या हाताने साडी त्यावर आणायला लागल्या. एक. दोन. बोटं थरथरत होती, पण घडी पडत होती सरळ. तिसरीला थोड्या डुलल्या, माझा जीव वर आला, मी एक पाऊल टाकलं आणि थांबले. चौथी. पाचवी करताना चौथी निसटली, मग त्या दोन्ही परत घेतल्या. पाच झाल्यावर काठ खाली नीट जुळवून, एकदा झटकून, पोटाशी खोचल्या. मग वॉकर धरला आणि श्वास सोडला. मीही तेव्हाच सोडला बहुतेक.

"तुझी गाडी गेली का गं?" म्हणाल्या.

"जाऊ दे, आई."

"जाऊ दे काय? आवर आधी. पिन काढ तोंडातून."

माझं स्वतःचं म्हणाल तर २२ मिनिटं लागतात, ती आज दहात उरकली. साहेबांना सोमवारी भेटून अर्धा तास उशिरा यायची आणि तेवढंच उशिरा निघायची परवानगी मागणार आहे. तोंडी नको, लेखी अर्ज देईन.

संध्याकाळी घरी आले तेव्हा आई तीच साडी नेसून हॉलमध्ये बसल्या होत्या. एक निरी सुटून पावलावर आली होती. मी खोचायला वाकले तर त्यांनी माझा हात बाजूला केला. उद्या केस धुवायचे आहेत म्हणाल्यात. शिकेकाई भिजत घातली आहे, गजर सव्वाचारचा लावते.