मारुती ८०० (एफ८बी इंजिन): हेड (सिलिंडरवरचं झाकण) उतरवण्याआधीची मोजमापं

गाडी कार्बोरेटरवाली. तीन सिलिंडर, ७९६ सीसी, बोअर (सिलिंडरचा व्यास) ६८.५ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची चाल) ७२ मिमी, फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-३-२. तक्रार दोन: आयडलला थरथर, चढावर दम नाही.

आधी स्वस्तातलं. सीबी पॉइंटला (डिस्ट्रिब्युटरमधले ठिणगीसाठी उघडझाप करणारे संपर्क) खड्डे, गॅप जेमतेम ०.३ मिमी. पॉइंटची टाच झिजली की गॅप घटतो, पॉइंट उशिरा उघडतात आणि टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) मागे पडतं. नवे पॉइंट ०.४५ मिमीला, प्लग ०.७५ला लावले. ओढ सुधारली, थरथर तशीच.

मग टॅपेट (व्हॉल्व्हची फट) तपासून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब. इंजिन गरम, तिन्ही प्लग बाहेर, कॉइलची मुख्य वायर अर्थला, चोक उघडा, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. (अॅक्सिलरेटर न दाबता घेतलेलं रीडिंग कमीच येतं, आणि त्यावरून चांगली इंजिनं विनाकारण उघडली जातात.) पहिला ११.५, दुसरा ७, तिसरा ७.२ किलो प्रति चौ. सेमी. प्रत्येकात चमचाभर ऑइल टाकल्यावर पहिला १२.२, बाकी दोन ७.३ आणि ७.४. ऑइलनं आकडा चढला नाही, म्हणजे रिंगा नव्हेत. शेजारचे दोन सिलिंडर सारखेच पडलेले असले की संशय थेट त्यांच्यामधल्या हेड गॅस्केटच्या (हेडखालच्या सीलच्या) पट्टीवर जातो.

इथेच बरेच जण फसतात. ऑइल दुधाळ नाही, कूलंट घटत नाही, म्हणून गॅस्केट शाबूत समजतात. पट्टी फक्त २ आणि ३ च्या मध्ये जळली असेल तर पाण्याचा संबंधच येत नाही.

खात्रीसाठी दुसरा सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टीडीसीला (पिस्टन सर्वात वर, दोन्ही व्हॉल्व्ह बंद) आणला, गाडी टॉप गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, आणि प्लगच्या भोकातून हवा सोडली. फुसफुस तिसऱ्याच्या भोकातून आली. सायलेन्सरमधूनही थोडी आली, पण त्यावरून दुसऱ्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गळतोय असं ठरवू नका: त्या वेळी तिसरा एक्झॉस्ट स्ट्रोकवर असतो, त्याचा व्हॉल्व्ह उघडाच असतो.

पुढचं काम: हेड काढून सरळ पट्टी आणि फीलर गेजनं तपासणं. ०.०५ मिमीपेक्षा जास्त वाक असेल तर फेसिंग (पृष्ठभाग घासून सपाट करणं). टायमिंग बेल्ट निघतोच आहे, तर नवाच बसवायचा. रेडिएटर फॅनचा थर्मोस्विच (पाणी तापल्यावर फॅन चालू करणारा) मात्र हेड बसवण्याआधी गरम पाण्यात बुडवून बघायचा. तो अडकत असेल तर नवं गॅस्केटही तिथेच जळेल.