आईचा व्यवसाय: गृहिणी

रविवार, रात्री

भाचीचा कल चाचणीचा अहवाल आला. पहिल्याच पानावर मोठ्या टायपात तीन अक्षरं: आय, ए, एस. दादाचा चेहरा असा काही उजळला की विचारू नका. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांची फी त्याने मनातल्या मनात काढलीसुद्धा असेल. मग कर्वे रस्त्यावरच्या त्या समुपदेशक बाईंनी समजावलं, की ही नोकरी नव्हे, स्वभावाच्या तीन गटांची इंग्रजी आद्याक्षरं आहेत: संशोधक, कलात्मक, सामाजिक. भाची इतकी हसली की बाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला.

हे गट जॉन हॉलंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचे. दुसऱ्या महायुद्धात तो सैन्यात भरती होणाऱ्यांच्या मुलाखती घ्यायचा. माणसं आधी काय काय कामं करत होती ते ऐकता ऐकता त्याला वाटू लागलं, की एवढ्या सगळ्यांचे प्रकार मोजकेच आहेत. 1959 मध्ये त्याने ते रीतसर मांडले. एकूण सहा: हाताने काम करणारे, शोध घेणारे, कलेचे, माणसांत रमणारे, धंदा-पुढारपण करणारे आणि नोंदी-हिशेबात सुख मानणारे. मी शेवटच्या गटात, त्याला चाचणी कशाला हवी. दुसऱ्यांच्या हिशेबातली चूक शोधायचा मला पगार मिळतो.

मी मात्र अडकले ते चाचणीआधी भरून घेतलेल्या अर्जापाशी. वडिलांचा व्यवसाय, आईचा व्यवसाय. वहिनी शिक्षिका आहे, त्यामुळे भाचीने दोन्ही रकाने झटकन भरले. आमच्या शाळेच्या अर्जात दादा आणि मी वर्षानुवर्षं तेच लिहीत आलो: वडील कंपनीत, आई गृहिणी.

अण्णा पिंपरीतल्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. व्हर्नियर, मायक्रोमीटर, गो-नो गो गेज अशी मापं तपासायची साधनं. भोकात गेजचं ‘गो’ टोक गेलं आणि ‘नो गो’ अडलं तर पास, नाही तर रिजेक्ट. मधलं काही नाही. घरीही तसंच. कंपनीची बस चुकवायची नाही, सांगितलं तेवढं करायचं, पगाराची तारीख पक्की. साठच्या दशकात मेल्विन कोन या समाजशास्त्रज्ञाने दाखवलं होतं, की बापाला नोकरीत जे उपयोगी पडतं तेच तो मुलांत रुजवतो. देखरेखीखाली काम करणाऱ्याला आज्ञाधारकपणा मोलाचा वाटतो, स्वतः निर्णय घेणाऱ्याला स्वतंत्र बुद्धी. वाचलं तेव्हा वाटलं, हा माणूस आमच्या आकुर्डीच्या दोन खोल्यांत येऊन बसला होता की काय.

पण मग दादा? तोही अण्णांचाच मुलगा. आयटीआय झाला, कंपनीत चिकटला आणि दोन वर्षांत नोकरी सोडून नाना पेठेत दुचाकींच्या स्पेअर पार्टच्या दुकानात गेला. नंतर स्वतःचं दुकान काढलं. ‘हा कोणावर गेला कोण जाणे,’ असं अण्णा कितीतरी वर्षं म्हणत राहिले.

मानसशास्त्राला याचं फारसं आश्चर्य वाटणार नाही. जुळ्यांच्या अभ्यासांतून दिसतं, की स्वभावांतल्या फरकांपैकी साधारण 40 ते 50 टक्के वाटा अनुवंशाचा असतो, आणि एका छताखाली वाढल्यामुळे भावंडांचे स्वभाव अपेक्षेइतके सारखे होत नाहीत. शिक्षण किती होणार, कुठवर पोचणार यावर मात्र घराचा हात बराच जड असतो. ज्यांच्या नावाच्या रस्त्यावर आज आम्ही बसलो होतो, त्यांचंच घर घ्या. महर्षी कर्वे फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचे. थोरला मुलगा रघुनाथ, तोही गणिताचाच प्राध्यापक. संततिनियमनाच्या प्रचारापायी 1925 मध्ये मुंबईतली नोकरी गमावून बसला. त्याचा धाकटा भाऊ दिनकर रसायनशास्त्रात गेला आणि फर्ग्युसनचा प्राचार्य झाला. प्राध्यापकी दोघांनी घरातूनच उचलली, पण नोकरीवर पाणी सोडण्याइतका हट्ट ज्याचा त्याचा. (वडिलांचा हट्ट काही कमी नव्हता, हा भाग वेगळा.)

संध्याकाळी दादाला हे सगळं सांगत होते. त्याला कर्व्यांमध्ये रस नव्हता. म्हणाला, ‘कोणावर गेलो म्हणजे? आईवर गेलो. सरळ आहे.’

आई साड्यांना फॉल-पिको करायची. कॉलनीतल्या बायका यायच्या, आई मशीनवर बसायची. माझ्यासाठी तो दुपारचा नुसता आवाज होता. दादा मात्र तिच्याबरोबर रविवार पेठेत फॉल आणि दोऱ्याची रिळं आणायला जायचा. एका दुकानात भाव विचारायचा, दुसऱ्यात तो कमी करून सांगायचा, पुन्हा पहिल्यात यायचं. लग्नसराईआधी माल भरून ठेवायचा. उधारी मागायला आई कधीच जायची नाही. त्या बाईच्या घरी हळदीकुंकवाला जायची आणि निघताना सहज म्हणायची, ‘नव्या साड्या आल्या असतील तर द्या हो.’ दुसऱ्या दिवशी जुने पैसे हजर. ‘मी नाना पेठेत अजून हेच करतो,’ दादा म्हणाला. ‘मेकॅनिककडे वसुलीला जात नाही, चहाला जातो.’

मी म्हटलं, ‘मला कसं नाही हे दिसलं?’

‘तू अण्णांच्या शेजारी बसून त्यांची डायरी लिहायचीस ना. रॉकेल, किराणा, दूध.’

म्हणजे दोन खोल्यांत दोन धंद्यांची शिकवणी चालू होती आणि ज्याने त्याने आपली निवडली. आपण होऊन निवडली, की मी मुलगी म्हणून बाजारात नेलं नाही आणि तो मुलगा म्हणून पिशव्या उचलायला नेला, हे आता कोण सांगणार? आईला विचारलं तर म्हणते, ‘तुला ऊन लागायचं.’ हे कारण मला पुरेसं वाटत नाही, पण ती त्यापुढे बोलत नाही.

मागून भाची म्हणाली, ‘आत्या, मग आजीची अक्षरं काय असतील?’ आम्ही अहवालातले सहाही गट आजीला वाचून दाखवले. पाचव्यावर, धंदा-पुढारपणावर, ती थांबली आणि म्हणाली, ‘हे तर मी करायचेच. पण अर्जावर तुम्ही लिहिलंत कुठे?’

अकरावीच्या फॉर्मचं अजून काही ठरलेलं नाही. दादा अजूनही मधूनच ‘आयएएस’ म्हणून बघतो.