इन्सब्रुक एका दिवसात, त्यातली पन्नास मिनिटं रोझेनहाईमला

म्युनिकहून ऑस्ट्रियाला जाताना लागणाऱ्या जर्मनीतल्या रोझेनहाईमच्या फलाटावर बघण्यासारखं काही नाही. रात्री तिथे पन्नास मिनिटं काढून सांगतोय. खरं तर इन्सब्रुकच्या सहलीबद्दल लिहायला बसलो होतो, पण डोळ्यांसमोर येतो तो तोच फलाट आणि बाकावर शाल पांघरून बसलेली आई.

आई-अण्णा मिरजेहून पहिल्यांदाच आमच्याकडे म्युनिकला आलेत. अण्णांची सगळी नोकरी रेल्वेत गेली, त्यामुळे त्यांना डोंगर दाखवण्यापेक्षा डोंगरातली रेल्वे दाखवावी असं ठरवलं. ऑस्ट्रियातलं इन्सब्रुक इथून एका दिवसात जाऊन येण्यासारखं आहे. थेट जलद गाडीने पावणेदोन तास लागतात, पण पाच जणांचं ते भाडं जमेना. म्हणून साध्या गाडीने सीमेपलीकडच्या कुफस्टाईनपर्यंत आणि तिथून ऑस्ट्रियाच्या लोकल गाडीने पुढे, असा बेत केला.

तिकिटाचं गणित सांगून ठेवतो, कारण मला ते कुणी सांगितलं नव्हतं. आम्हा नवरा-बायकोकडे जर्मनीभर साध्या गाड्यांना चालणारं महिन्याचं डॉइचलँड-तिकीट असतंच, ते कुफस्टाईनपर्यंत चालतं. पण त्यात मूल येत नाही. सहा वर्षं पूर्ण झाली की मुलाचं तिकीट वेगळं, आणि आमची लेक सात वर्षांची. मग आई-अण्णांसाठी दोघांचं बायर्न-तिकीट, म्हणजे बव्हेरिया राज्याचं एका दिवसाचं तिकीट काढलं. त्यावर आजी-आजोबांबरोबर नात फुकट जाते. शनिवार-रविवारी ते मध्यरात्रीपासून चालतं, इतर दिवशी सकाळी 9 नंतर. जलद गाड्यांना मात्र दोन्ही तिकिटं चालत नाहीत, फलाटावर आधी आली म्हणून चढू नका. तिकिटावर प्रवाशांची नावं लिहायची असतात. अण्णांनी स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं सगळं सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि आईला ओळीच्या शेवटी बोटभर जागा उरली.

सकाळी निघताना अण्णांच्या काखेत फाईल होती. प्लास्टिकची, दोरी बांधलेली, फुगलेली. मी म्हटलं, "अण्णा, पासपोर्ट तेवढे घ्या, फाईल कशाला? एका दिवसासाठी चाललोय." ते म्हणाले, "असू दे रे. तुला काय वजन होतंय?" मी बायकोकडे बघून हसलो. हे हसणं लक्षात ठेवा.

जाताना सगळं सुरळीत झालं, त्यामुळे सांगण्यासारखं कमी आहे. कुफस्टाईनला किल्ला दिसतो, तिथे पुढचं तिकीट मशीनवर काढायचं. हे मोबाईलवर आधीच काढून ठेवा, मशीनपाशी रांग होती आणि गाडी समोर उभी. वाटेत येनबाख लागतं. तिथे अण्णा अचानक उठून खिडकीला नाक लावून उभे राहिले. त्या एका स्टेशनात तीन गेजचे, म्हणजे तीन वेगळ्या रुंदीचे रूळ येतात: आपली गाडी धावते ते साधं गेज, त्सिलर खोऱ्यात जाणाऱ्या छोट्या गाडीचं 760 मिलिमीटरचं, आणि आखेन तळ्याकडे चढणाऱ्या दातेरी रुळांच्या गाडीचं मीटर गेज. ती दातेरी रुळांची गाडी 1889 पासून वाफेच्या इंजिनावर चालते. "आपल्या मिरजेसारखं!" अण्णा म्हणाले. मिरजेतही एके काळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि कुर्डुवाडीची नॅरोगेज, तिन्ही होती. ती नॅरोगेज 762 मिलिमीटरची. "दोनच मिलिमीटरचा फरक," ते दोन बोटं जवळ धरून डब्यातल्या एका अनोळखी बाईलाही सांगत होते. बाई हसल्या. त्यांना काय कळलं कोण जाणे.

इन्सब्रुकमध्ये सोनेरी छत बघितलं. सम्राट मॅक्सिमिलियनसाठी केलेलं, 1500 सालचं, 2657 मुलामा दिलेल्या तांब्याच्या कौलांचं. आईची प्रतिक्रिया: "एवढंच?" मग झाहा हदीद यांनी आराखडा केलेल्या स्टेशनातून हुंगरबुर्गची रेल्वे धरली आणि पुढे तारेवरच्या पाळण्याने नोर्डकेटच्या डोंगरावर. शहर 574 मीटरवर आणि पाळण्याचं शेवटचं स्टेशन 2256 मीटरवर, अर्ध्या-पाऊण तासात. मधलं झेग्रुब स्टेशनच 1905 मीटर भरतं, म्हणजे कळसूबाईपेक्षा अडीचशे मीटरने वर. जूनमध्येही वर बर्फ होता, स्वेटर घ्याच. नऊवारीवर बूट घातलेली आई बर्फात पाय रोवून उभी राहिली आणि तिथेच धपाट्यांचा डबा उघडला. पाळण्याचं भाडं खिशाला चांगलीच चाट लावतं, पण ते पैसे वसूल झाले.

आता परतीचं. कुफस्टाईनला संध्याकाळी म्युनिकच्या गाडीत बसलो आणि पाठोपाठ दोन पोलीस चढले. शेंगेनमध्ये, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपातल्या देशांमध्ये, सीमा नसते हे आपण ऐकलेलं असतं, पण या सीमेवर जर्मनीच्या बाजूने 2015 पासून तपासणी सुरू आहे. जाताना कुणी विचारत नाही, येताना विचारतात. मला हे माहीत होतं. म्हणूनच सकाळी सगळ्यांना तीनदा बजावलं होतं, "पासपोर्ट घ्या."

आई-अण्णांचे पासपोर्ट फाईलमधून निघाले. अधिकाऱ्याने व्हिसा बघितला, शिक्का बघितला, मान डोलावली. बायकोच्या पर्समधून तिचा आणि लेकीचा निघाला. मी ऐटीत माझं निवासपरवान्याचं कार्ड काढून दिलं. तो म्हणाला, "पासपोर्ट?"

मी खिसे चाचपले. बॅग उपसली. धपाट्यांचा डबासुद्धा उघडून बघितला.

मोबाईलमधला फोटो दाखवला. फोटो म्हणजे पासपोर्ट नव्हे, असं तो शांतपणे म्हणाला. कार्ड एकटं चालत नाही, त्याच्याबरोबर पासपोर्ट लागतो. सात वर्षं इथे राहतोय, कर भरतोय, भाषा येते, हे सगळं मी त्याला सांगितलं. का सांगितलं देव जाणे, त्याने विचारलंच नव्हतं. तुम्ही रोझेनहाईमला उतरा, बाकीचे पुढे जाऊ शकतात, असं ठरलं. त्यावर आई उठली. "आम्ही कुठं जाणार त्याला सोडून?" उतरले सगळेच.

माझं कार्ड घेऊन ते आत गेले. आम्ही बाकावर. आमची गाडी निघून गेली. मग पुढचीही. खाण्याचं दुकान बंद झालेलं, लेक बायकोच्या मांडीवर झोपलेली, आईचे गुडघे सकाळच्या चढउताराने भरून आलेले. मी दोनदा दारापाशी जाऊन विचारलं, किती वेळ लागेल? दोन्ही वेळा उत्तर, "मोमेंट." मोमेंट म्हणजे क्षण असं जर्मनच्या वर्गात शिकवलं होतं. रोझेनहाईमचा क्षण पंचवीस मिनिटांचा असतो. चूक माझी होती हे मान्य आहे. पण वेळ किती लागणार हे एका वाक्यात सांगायला काय जातं? म्हातारी माणसं दिसत होती ना समोर? बायको काहीच बोलत नव्हती, ते वेगळंच.

तेवढ्यात दोरी सुटल्याचा आवाज आला. अण्णांनी मांडीवर फाईल उघडली होती. विमा, परतीचं विमानाचं तिकीट, मी भरलेल्या हमीपत्राची प्रत, पेन्शनचा कागद, आणि त्याखालून माझ्या पासपोर्टची झेरॉक्स. त्यांच्या व्हिसाच्या अर्जाला जोडायला मीच पाठवली होती. त्यांनी एक जास्तीची काढून ठेवलेली. "हे चालंल काय बघ," म्हणाले, आणि मी उठायच्या आत स्वतःच दारावर टकटक करायला गेले.

आत काय झालं ते मला नीट दिसलं नाही. अधिकाऱ्याने कागद संगणकाच्या पडद्याशेजारी धरला, पेनाने पासपोर्टच्या नंबरवर एक खूण केली, काहीतरी विचारलं आणि अण्णा म्हणाले, "यस, सन. ओन्ली सन." पाच मिनिटांत कार्ड हातात आलं, वर समज मिळाली. मला अजून वाटतं की संगणकावर उत्तर आधीच आलं असणार. अण्णांना हे सांगायची माझी हिंमत नाही.

एक राहिलं. आई-वडिलांच्या व्हिसावर एकदाच प्रवेश लिहिला असेल तर ऑस्ट्रियात जाऊन आल्याने तो संपत नाही, शेंगेनच्या बाहेर पडलात तरच संपतो. अण्णा याच काळजीने दोन रात्री झोपले नव्हते आणि मला ते सहलीनंतर कळलं. आणि उशीर झाला तरी बायर्न-तिकिटाची घाई नको, ते दुसऱ्या दिवशी पहाटे 3 पर्यंत चालतं.

घरी पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. पासपोर्ट टीव्हीखालच्या खणात, विजेच्या बिलांखाली सापडला. अण्णांनी तो हातात घेतला, पानं चाळली, फाईलमध्ये घालून दोरी बांधली. अजून मला परत मिळालेला नाही.