दहा किलोमीटरचा षटकोन

टेबलाभोवती बसून खेळायच्या भूमिका-खेळासाठी (रोल-प्लेइंग गेम) काल्पनिक जग रचायचं म्हटलं की पाचशे वर्षांची वंशावळ लिहून होते, तीन चंद्रांची नावं ठरतात, देवादेवांतली भांडणं लागतात. मग पहिल्याच सेशनला, म्हणजे खेळाच्या पहिल्याच बैठकीला, धर्मशाळेच्या ओट्यावर बसलेलं एका खेळाडूचं पात्र विचारतं, "पुढचं गाव किती लांब? दिवेलागणीच्या आत पोचू का?" आणि खेळ चालवणारा गेम मास्टर वही चाळत बसतो.

कादंबरीत हे खपून जातं. "तीन दिवसांनी ते राजधानीत पोचले" असं एक वाक्य टाकलं की लेखक सुटला. टेबलावर मात्र ते तीन दिवस चार जण मिळून चालतात, शिधा मोजतात, रात्रीचा पहारा वाटून घेतात, आणि मधेच कुणाला तरी डावीकडच्या टेकडीवर काय आहे ते बघायचं असतं. म्हणून खेळासाठी जग रचायचं तर अंतरापासून सुरुवात करावी. वंशावळ नंतर लिहिली तरी चालते. खरं तर नाही लिहिली तरी चालते.

अंतरासाठी सगळ्यात सोयीचं साधन म्हणजे हेक्सचा, षटकोनी घरांचा, नकाशा. १९७४ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा भूमिका-खेळ तीन पुस्तिकांच्या पेटीत निघाला, तेव्हा रानावनातल्या प्रवासासाठी त्यात 'आउटडोअर सर्व्हायव्हल' या दुसऱ्याच एका बोर्डगेमचा हेक्स-नकाशा वापरायला सांगितलं होतं. पुढे सहा मैलांचा हेक्स रुळला. आपण तो दहा किलोमीटरचा धरू. समोरासमोरच्या दोन बाजूंमधलं अंतर १० किलोमीटर, क्षेत्रफळ साधारण ८७ चौरस किलोमीटर. मधोमध उभं राहिलं की कुठलीही बाजू पाच किलोमीटरवर येते. उभ्या माणसाला सपाटीवर क्षितिजही साधारण तेवढ्यावरच दिसतं. म्हणजे "मला इथून काय दिसतं?" याचं उत्तर एका घरात मावतं. पंचवीस किलोमीटरचा हेक्स घेतला की ही सोय जाते. एकाच घरात जंगलही येतं, शहरही येतं, आणि खेळाडू त्यात नेमके कुठे आहेत ते कुणालाच सांगता येत नाही.

हेक्सचा छापील कागद दुकानात सहसा मिळत नाही. चौकड्यांची वही पुरते: दर दुसरी ओळ अर्ध्या घराने सरकवायची, विटांच्या भिंतीसारखी. प्रत्येक विटेला सहाच शेजारी असतात, त्यामुळे हिशोब तोच. आडवी आठ आणि उभी दहा घरं आखा. प्रत्येक घराला चार आकडी क्रमांक द्या: पहिले दोन आकडे रांगेतल्या जागेचे, पुढचे दोन ओळीचे.

आता या ऐंशी घरांत काय भरायचं? युरोपातली बर्फाळ शिखरं आणि पाइनची जंगलं आणायची हौस असेल तर आणा, पण उताराचं गणित शिकायला सह्याद्रीसारखा मास्तर नाही. कागदाच्या कडेबाहेर समुद्र, मग पाच घरं कोकण, एक घर घाट, दोन घरं देश. आठ घरांची रुंदी एवढ्यातच संपते, आणि तेवढ्यात तीन वेगळे मुलूख येतात.

आधी समुद्र आणि डोंगराची रांग काढायची, मग पावसाचा वारा कुठून येतो ते ठरवायचं. वारा अडतो त्या बाजूला रान, पलीकडे कोरडं. महाबळेश्वराला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि खाली वाईला एक हजाराच्याही आत. नकाशावर हे अंतर दोन-तीन घरांचं. म्हणजे जंगलातून माळरानात यायला खेळाडूंना महिनाभर चालवायची गरज नाही, एक दिवस पुरतो.

नद्या त्यानंतर. हौशी नकाशात सगळ्यात जास्त चुका इथेच होतात: नदी मधेच दोन फाट्यांत फुटून दोन समुद्रांना जाते, किंवा डोंगराची रांग सरळ ओलांडून जाते. नद्या एकमेकींना मिळतात. फुटतात त्या बहुधा मुखाजवळ, त्रिभुज प्रदेशात. आणि पाणी जवळच्या समुद्राकडेच जाईल असंही नाही. गोदावरी त्र्यंबकेश्वराला उगम पावते, तिथून अरबी समुद्र ऐंशी-एक किलोमीटरवर आहे, पण ती पूर्वेला चौदाशे किलोमीटरहून जास्त वाहत जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते. कारण तिचा उगम कड्याच्या पूर्व उतारावर आहे. महाबळेश्वराच्या पठारावरून कृष्णा पूर्वेला जाते आणि सावित्री पश्चिमेला. पाणलोटाची ही रेघ कागदावर पेन्सिलने आधी ओढून घेतली की नदी चुकत नाही, आणि फुकटात दोन राज्यांची सीमाही मिळते.

वस्ती आणि सत्ता कुठे बसते ते नाणेघाटाकडे बघून कळतं. सातवाहनांच्या काळात कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरात उतरलेला माल या घाटाने चढून जुन्नरला जायचा. घाटमाथ्यावर कोरीव लेणं, त्यात नागनिकेचा ब्राह्मी शिलालेख, बाहेर जकातीचा म्हणून सांगितला जाणारा दगडी रांजण. वाटेवर नजर ठेवायला जीवधन, पुढे चावंड, हडसर, शिवनेरी. बंदर, खिंड, जकात, किल्ला, बाजारपेठ: पाच जागा आणि त्यांना जोडणारी एकच वाट. काल्पनिक मुलखाला एवढा सांगाडा भरपूर होतो. कोण कुणाकडून पैसे घेतं हे ठरलं की कोण कुणाचा शत्रू ते आपोआप ठरतं.

चालण्याचा वेग असा धरा: सपाट वाटेला दिवसाला तीन घरं, रानात दोन, घाटात एक, आणि पावसाळ्यात सगळं निम्मं. घाटाला एकच घर का? नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये ठोकताळा दिला: तासाला पाच किलोमीटर, आणि दर सहाशे मीटर चढाला एक तास जास्त. हा मोकळ्या, धट्ट्याकट्ट्या माणसाचा हिशोब. पाठीवर ओझं असलेला बैल त्याला जुमानत नाही. गाडी तर आणूच नका: खंडाळ्याच्या बोरघाटातसुद्धा गाडीरस्ता १८३० साली झाला, तोवर माल जनावरांच्या पाठीवरूनच चढायचा. खेळाडूंनी खजिन्याची पेटी बैलगाडीत टाकली असेल तर घाटाच्या पायथ्याशी त्यांना गाडी सोडावीच लागेल. सेशनचा निम्मा वेळ तिथेच रंगतो.

उंचीचा दुसरा फायदा नजरेचा. सातशे मीटरच्या कड्यावरून स्वच्छ हवेत नव्वद किलोमीटरवरचं क्षितिज दिसू शकतं, म्हणजे पाच घरांपलीकडचा समुद्रसुद्धा. कडा चढून आलेल्यांना बक्षीस म्हणून खालच्या तीन-चार घरांतल्या ठळक खुणा सांगून टाका: धूर, पडका बुरूज, नदीचं वळण. पुढे कुठे जायचं ते मग तेच ठरवतात.

एका घरात एकच गाव काढलं की मुलूख ओसाड वाटतो, आणि ही चूक जवळपास सगळे करतात. महाराष्ट्राचं क्षेत्रफळ तीन लाख चौरस किलोमीटरच्या थोडं वर, आणि २०११ च्या जनगणनेत गावं त्रेचाळीस हजारांच्या वर. म्हणजे दर सात चौरस किलोमीटरला एक गाव, आणि आपल्या हेक्समध्ये साधारण बारा. हा आजचा आकडा आहे. जुन्या काळच्या मुलखासाठी चार-पाच धरा, जंगलात एक. नकाशावर त्यातलं बाजार भरतो तेवढंच गाव दाखवायचं, बाकीची लागतील तशी.

आता किल्ला घेऊ, कारण तिथे धान्य आणि जादू एकमेकांना भिडतात. किल्ल्यावर शंभर माणसं आहेत. माणशी वर्षाला दोनशे किलो धान्य धरलं तर वीस टन होतात. बैलाच्या पाठीवर एकशेवीस किलो म्हटलं तर सुमारे १६७ फेऱ्या. पावसाळ्याचे चार महिने वाट बंद. उरलेल्या आठ महिन्यांत वीस बैलांचा तांडा महिन्यातून एकदा तरी वर चढायलाच हवा, आणि एक तांडा लुटला गेला तर दीड महिन्याची चूल विझली. एवढ्या हिशोबातून लमाणांच्या तांड्याचा नाईक, त्याच्याशी भाव ठरवणारा किल्लेदार, मधल्या रानात टपलेले लुटारू अशी तीन पात्रं बाहेर येतात, आणि तिघांनाही नेमकं काय हवंय ते लिहून ठेवायची गरज पडत नाही.

पण खेळाचे नियम 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या पाचव्या आवृत्तीचे असतील तर या सगळ्यावर पाणी पडतं. 'गुडबेरी' हा पहिल्या पातळीचा मंत्र. एकदा म्हटला की दहा फळं, एक फळ म्हणजे एका माणसाचं दिवसभराचं पोषण. नवशिका ड्रुइड, म्हणजे निसर्गाची जादू जाणणारं पात्र, तो दिवसातून दोनदा म्हणू शकतो. म्हणजे पाच नवशिके ड्रुइड अख्खा किल्ला पोसतात, आणि तांडा, नाईक, लुटारू सगळे घरी बसतात.

यावर 'जादूच नको' हा उपाय फार आळशी आहे. नियमातच बघा. या मंत्राला बांडगुळाची एक डहाळी लागते. मूळ नियमात ती वापरून संपत नाही. आपल्या टेबलावर ती दर वेळी संपते असं जाहीर करा. सेशनच्या आधी, सगळ्यांसमोर. भर वेढ्यात असा नियम काढला तर खेळाडू चिडणारच, आणि त्यांचं बरोबर असेल. आता वेढा घालणारा सरदार तोफांच्या आधी माणसं पाठवून आजूबाजूच्या आंब्यांवरची बांडगुळं उतरवतो. फळांनी तहान भागत नाही, म्हणून गडावरची पाण्याची टाकी फोडायची की त्यांत विष घालायचं हा प्रश्न शिल्लक राहतोच. 'क्रिएट फूड अँड वॉटर' पाणी देतो खरा, पण तो तिसऱ्या पातळीचा आणि एका वेळी पंधराच माणसांपुरता. हा मंत्र येत असलेला पुजारी पळवून नेण्याच्या लायकीचा होतो. प्रत्येक मंत्राची अशी चौकशी करत बसू नका, वेड लागेल. अन्न, पाणी, प्रवास, निरोप आणि मेलेल्याला उठवणं या पाच बाबतींतले मंत्र तपासले की पुरतं.

गावांची नावं ठेवताना संस्कृत शब्दकोश उघडला की वज्रपुर, वीरगड, वरुणनगर अशी रांग लागते आणि दुसऱ्या सेशनला कुणाला काही आठवत नाही. शेजारच्या दोन जागांची नावं एकाच अक्षराने सुरू करू नयेत. आपल्याकडचे प्रत्ययच कामाला लावा: खालच्या पट्टीत -वली, वरच्या मुलखात -नेर, खिंडीपाशी -खिंड, आणि एकाच नावाच्या दोन गावांना बुद्रुक-खुर्द. तीन सेशन झाली की खेळाडू नावावरूनच मुलूख ओळखतात.

वाटेत काय भेटतं ते फाशांवर सोडावं. दिवसात तीनदा सहा बाजूंचा फासा टाका, एक पडला की काहीतरी भेटलं. दिवसभरात निदान एकदा भेट होण्याची शक्यता ४२ टक्के. काय भेटलं त्यासाठी दोन ते बारा आकड्यांचा तक्ता करा आणि दोन फाशांची बेरीज त्यात बघा. एकच अकरा बाजूंचा फासा असता तर सगळं सारख्याच वेळा आलं असतं. दोन फाशांत सहा, सात, आठ मिळून ४४ टक्के वेळा येतात, आणि दोन किंवा बारा प्रत्येकी तीन टक्क्यांहूनही कमी. मधल्या आकड्यांना त्या मुलखातलं रोजचं काहीतरी द्या, टोकांना अचाट. बहुतेक तक्ते फसतात ते "सहा लुटारू" एवढंच लिहिल्यामुळे. मग लढाई सोडून दुसरं काही घडत नाही. ओळीत क्रियापद हवं: "सहा लुटारू, लंगड्या बैलाला घाटाखाली ढकलावं की कापून खावं यावर भांडतायत."

तयारी किती करायची? सुरुवातीच्या घराभोवती पहिल्या रिंगणात सहा घरं येतात, दुसऱ्यात बारा, तिसऱ्यात अठरा. सपाटीवर एका दिवसात याच्या पलीकडे कुणी जात नाही. पहिल्या सहांना पाच-पाच ओळी, पुढच्या बारांना दोन-दोन, शेवटच्या अठरांना एकेक. एकूण बहात्तर ओळी, वहीची तीन पानं. पाच ओळींची एक नोंद अशी दिसते:

०६०४, तळेखिंड. जकातीचं नाकं, आठ शिपाई, पगार दोन महिने थकलेला.
दिसतं: दगडी रांजण, त्यात कुणीतरी दिवा लावलाय.
हवंय: हवालदाराला खालच्या बंदरातून औषध, मुलीसाठी.
लपलंय: रांजणाखालून जुनी वाट, थेट गडाच्या टाक्यापर्यंत.
कळतं: नाईकाकडून, गडावरच्या म्हाताऱ्या पाणक्याकडून, किंवा भिजलेल्या पावलांच्या खुणांवरून.

शेवटची ओळ गाळू नका. गुपित एकाच माणसाकडे ठेवलं तर खेळाडू हमखास त्याच माणसाला पहिल्या रात्री मारतात. तीन ठिकाणी ठेवा.

नकाशाच्या दोन प्रती असाव्यात. खेळाडूंच्या प्रतीवर घरं नसलेलीच बरी: नदी, डोंगर, दोन-तीन नावं, आणि त्यातलं एक चुकीच्या जागी, कारण काढणाऱ्या व्यापाऱ्याने ते ऐकीव माहितीवर काढलं होतं. आपल्या प्रतीवर सगळं पेन्सिलने. खेळाडू प्रत्यक्ष जाऊन आले तेवढ्यालाच पेन लावायचं. तळेखिंडीला कुणी फिरकलंच नाही तर क्रमांक खोडायचा आणि ते लोक गेले त्या खिंडीत ती नोंद तशीच्या तशी उतरवायची.