चेपवत नाही

आमच्या फ्रिजच्या दारात सहा बाटल्या आहेत आणि त्यातली एकही फ्रिजसाठी म्हणून कुणी विकत आणलेली नाही. तीन थंड्याच्या, दोन पाण्याच्या आणि एक चौकोनी, जी कुठल्याशा ज्यूसची होती पण आता इतकी जुनी झालीय की तिला स्वतःलाच माहेर आठवत नसेल. शिवाय ओट्याखाली फिनेलची, माळ्यावर गावाहून आलेल्या घाण्याच्या तेलाची, आणि बाल्कनीत अर्धी कापून मनीप्लांट लावलेली. मोजायला नको.

ह्या प्रत्येक बाटलीवर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं की वापर झाल्यावर बाटली चेपून टाका. आमच्या घरात हे वाक्य आजवर कुणी मनावर घेतलेलं नाही.

परवा रेल्वेतून येताना समोरच्या काकांनी मात्र घेतलं. पाणी संपवलं, बाटली दोन्ही हातात धरून पिळली, असा काही कडाकडा आवाज झाला की झोपलेलं पोरगं उठलं, आणि माझी आई एकदम कळवळून म्हणाली, "अहो, द्यायची ना मला, किती चांगली होती!" काका ओशाळले. त्यांचं बरोबर होतं, तरी ओशाळले.

चेपायचं कारण साधं आहे. अख्खी बाटली कुणीतरी उचलतो, नळाला लावतो, झाकण फिरवतो आणि पुढच्या गाडीत तुम्हालाच विकतो. दुसरं कारण माझ्या लक्षात यायला फार वेळ लागला, ते म्हणजे हवा. भंगार वजनावर विकलं जातं पण टेम्पो भरतो आकारावर, म्हणजे न चेपलेल्या बाटल्यांचा टेम्पो हा बराचसा वारा वाहून नेत असतो, डिझेल जाळून. आमच्या सोसायटीत कचरा न्यायला ज्या ताई येतात त्या बाटली पायाखाली घेऊन अशी सपाट करतात की बघत राहावं, मधे बोलणंही थांबत नाही. पुण्यात 1993 साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, पुढे त्यातूनच 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था निघाली, आणि खरं सांगायचं तर आपण ज्याला मोठ्या तोंडाने रिसायकलिंग म्हणतो त्याची सुरुवात ह्या बायकांच्या हातात (आणि पायात) होते. ताईंनी मला शिकवलं की पांढऱ्या बाटलीला भाव जास्त, रंगीत असेल तर कमी. त्यांच्या भाषेत पांढरी म्हणजे पारदर्शक. तिच्यापासून बनलेल्या मालाला पुढे कुठलाही रंग देता येतो, हिरवीचं मात्र हिरवंच काहीतरी होणार.

झाकणाची गंमत भाचीला दाखवली. बाटलीचा एक तुकडा कापला आणि तो आणि सुटं झाकण पाण्याच्या बादलीत टाकलं. तुकडा तळाला, झाकण वर. ती म्हणे जादू. जादू नाही गं, बाटली असते पीईटी नावाच्या प्लास्टिकची, ते पाण्यापेक्षा जड, आणि झाकण दुसऱ्याच प्लास्टिकचं, ते हलकं. कारखान्यातही बाटल्यांचा चुरा करून पाण्याच्या टाकीत सोडतात आणि झाकणाचा चुरा वरून काढून घेतात, म्हणजे आमच्या बादलीचीच मोठी बहीण. पण हाच न्याय समुद्राला लावला की मजा जाते. झाकण घट्ट लावलेली रिकामी बाटली हवेमुळे तरंगत कुठल्या कुठे जाते, आणि उघडी बाटली पाणी भरून खाली जाऊन बसते, दिसतच नाही. पावसाळ्यात किनाऱ्यावर जे येऊन पडतं ते तरंगणारं. बाकीच्याचा हिशोब कोण ठेवतो?

ही पीईटीची बाटली मुळात ज्याने शोधून काढली तो नॅथनिएल वायथ, ड्युपॉन्ट कंपनीतला इंजिनियर. त्याला कुणीतरी म्हटलं की सोड्याचं पेय प्लास्टिकमध्ये भरलं तर बाटली फुटेल, तर ह्याने दुकानातून साबणाच्या पाण्याची प्लास्टिकची बाटली आणली, ती रिकामी करून त्यात जिंजर एल, म्हणजे आल्याच्या चवीचं सोड्याचं पेय, भरलं आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलं. सकाळी बाटली फुगून फ्रिजच्या कप्प्यात अडकलेली! पुढे बऱ्याच खटपटीनंतर 1973 ला पीईटी बाटलीचं पेटंट मिळालं. मला हे वाचून फार बरं वाटलं. म्हणजे रिकामी बाटली भरून फ्रिजमध्ये ठेवायची परंपरा आमच्या आईने सुरू केलेली नाही, खुद्द जनकाचीच आहे.

बाटलीची पुन्हा बाटली होते हा माझा समज होता. होतेही, पण पुष्कळशा बाटल्यांचा धागा होतो. 2015 च्या वर्ल्डकपला आपल्या टीमचे कपडे अशाच धाग्याचे होते, एका किटला सरासरी 33 बाटल्या. उशीत भरतात तो पांढरा कापूसही कित्येकदा हाच असतो. पण त्या टीशर्टचं पुढे काय? टीशर्ट, मग फरशी पुसायचं फडकं, मग कचरा. फडक्याची परत बाटली करायला कुणी येत नाही.

ह्याउलट गोटी सोडा. दुकानात उभं राहून प्यायचा, बाटली तिथेच क्रेटमध्ये. घरी नेतो म्हटलं तर दुकानदार डिपॉझिट मागायचा आणि वर संशयाने बघायचा. बाटली तुमची नाहीच, सोडा तेवढा तुमचा. 2018 मध्ये महाराष्ट्रात प्लास्टिकबंदी आली तेव्हा पीईटी बाटली परत केली की रुपया-दोन रुपये मिळणार असं ठरलं होतं, मी उत्साहाने एक पिशवीभर बाटल्या घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो तर दुकानदाराने माझ्याकडे असं बघितलं की मी एक बिस्किटचा पुडा घेऊन परत आलो. बाटल्या अर्थातच माळ्यावर गेल्या.

त्या प्रवासानंतर मी ठरवून एका रविवारी सगळ्या काढल्या. आई बाजूला स्टूल घेऊन बसली, देखरेखीला. ही ठेव, हिचं झाकण चांगलंय. ही दे, हिला वास लागलाय. अशा करत अकरा बाटल्या मी पायाने चेपल्या, ताईंसारखी सफाई नाही, एकदा तर घसरलोच. शेवटची देवघराच्या मागे सापडली. दोन लिटरची, थंड्याची, लेबल सोललेलं, वर स्केचपेनने 'हरिद्वार' लिहिलेलं, आत बोटभर गंगा.

मी आईकडे बघितलं. ती म्हणाली, "तुझी हिंमत असेल तर ठेव पाय."

परत आत ठेवून दिली.