कंपनी जगाचं किती भलं करते हे मोजता येतं का? तुम्ही विचारलंत म्हणून

मी कंपन्यांचे सस्टेनेबिलिटी रिपोर्ट तपासायचं काम करते हे कळलं की समोरचा माणूस हमखास विचारतो, की एखादा धंदा समाजाचं आणि निसर्गाचं किती भलं करतो किंवा किती वाटोळं करतो हे खरंच आकड्यात मांडता येतं का, की सगळा देखावाच असतो? तर सांगते. मोजता येतं, बऱ्याच गोष्टी तर अगदी नीट मोजता येतात. पण हिशोबात काय धरायचं आणि काय बाहेर ठेवायचं हे ज्याने ठरवलं त्याने निम्मा निकाल तिथेच लावलेला असतो, म्हणून मी आकड्याआधी हिशोबाची हद्द बघते.

कार्बनचंच घ्या, कारण तिथली पद्धत सगळ्यात रुळलेली आहे. २००१ मध्ये जीएचजी प्रोटोकॉल आला, म्हणजे कंपन्यांनी हरितगृह वायूंचा हिशोब कसा मांडायचा याची पद्धत, त्यात उत्सर्जनाचे तीन स्कोप, म्हणजे तीन गट. स्कोप १ म्हणजे कंपनीचे स्वतःचे बॉयलर, भट्ट्या, गाड्या. स्कोप २ म्हणजे विकत घेतलेली वीज. आणि स्कोप ३ म्हणजे उरलेलं सगळं, कच्च्या मालापासून ते ग्राहकाने वस्तू वापरून फेकून देईपर्यंत, अशा १५ कॅटेगरी. पहिल्या दोघांचा हिशोब वीजबिलं आणि इंधनाच्या पावत्यांवरून निघतो, तिसऱ्याचा बराचसा अंदाजाने. म्हणून तो टाळायचा मोह होतो. पण तेल कंपनी बघा, तिच्यामुळे होणारं बहुतांश उत्सर्जन ग्राहक ते तेल जाळतो तेव्हा होतं, म्हणजे स्कोप ३ मध्ये, आणि तेच सोडून दिलं तर राहिलं काय? किंवा कंपनीने स्वतःचे ट्रक विकले आणि तेच काम कंत्राटदाराला दिलं की स्कोप १ लगेच खाली येतो, रस्त्यावरचा धूर मात्र तेवढाच. ढोबळ पण पूर्ण आकडा मला काटेकोर पण अर्धवट आकड्यापेक्षा केव्हाही जास्त प्रामाणिक वाटतो.

पाण्याचं अजून वेगळं. कार्बन कुठेही सोडा, हवामानावर परिणाम सारखाच, पण कोरड्या भागात बोअरवेलमधून उपसलेलं एक लिटर आणि भरल्या नदीतून घेतलेलं एक लिटर एकच कसं होईल? तरी सगळ्या प्लांटची बेरीज करून एकच आकडा छापतात!

माणसांवरचा परिणाम मोजताना मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. इतक्या जणांना ट्रेनिंग दिलं, इतक्या बायकांना कर्ज दिलं, हे मोजायला सोपं, पण त्याने त्यांचं काय बदललं आणि हे झालं नसतं तर काय झालं असतं, हा खरा प्रश्न. मायक्रोफायनान्सबद्दल, म्हणजे गरिबांना दिल्या जाणाऱ्या छोट्या कर्जांबद्दल, वर्षानुवर्षं कर्जदारांची संख्याच यश म्हणून सांगितली जायची, मग बोस्निया, इथिओपिया, भारत, मेक्सिको, मंगोलिया आणि मोरोक्को अशा सहा देशांत कर्जाची सोय मिळालेल्यांची आणि न मिळालेल्यांची नीट तुलना केली गेली, २०१५ मध्ये ते अभ्यास एकत्र छापून आले आणि दिसलं की थोडा फायदा होतो, धंदा करायला मोकळीक मिळते, पण सरासरी कुटुंबाचं आयुष्य पालटत नाही. कर्ज वाईट असा त्याचा अर्थ नाही हं, पण तुलना केल्याशिवाय हे कळलंच नसतं.

आणि राणा प्लाझा. २४ एप्रिल २०१३ ला बांगलादेशातली ही इमारत कोसळली, ११०० हून जास्त माणसं गेली. आतल्या काही कपड्यांच्या कारखान्यांची आधी सोशल ऑडिट, म्हणजे कामगारांना कसं वागवलं जातं याची तपासणी, झालेली होती, पण इमारतीची मजबुती तपासणं आमच्या कक्षेतच नव्हतं असं ऑडिटवाल्यांनी नंतर सांगितलं. आदल्याच दिवशी भिंतींना तडे गेलेले कामगारांनी पाहिले होते, काहीजण आत जायला तयार नव्हते, तरी त्यांना कामावर बोलावलं गेलं. माहिती होती, ती कामगारांकडे होती, पण तडा दिसला तर काम थांबवायची ताकद त्यांच्या हातात नव्हती. म्हणून ज्या रिपोर्टसाठी कामगारांशी आणि आसपास राहणाऱ्यांशी मॅनेजर समोर नसताना कोणी बोललेलंच नाही, त्याच्यातल्या सोशल आकड्यांवर मी विश्वास ठेवत नाही.

ईएसजी रेटिंगबद्दलही, म्हणजे पर्यावरण, समाज आणि कारभार यांवरून कंपनीला दिलेल्या गुणांबद्दलही, विचारतात लोक. त्यात एक लक्षात ठेवा, अशी बरीच रेटिंग जगातल्या बदलांमुळे कंपनीच्या नफ्याला किती धोका आहे ते सांगतात, कंपनीमुळे जगाला किती धोका आहे ते नाही. गुंतवणूकदाराला ते उपयोगी असेलही, पण तुमचा प्रश्न तो नव्हता.

मग बघायचं काय? रिपोर्टच्या मागच्या पानांत बरेचदा रिपोर्टिंग बाउंड्री, म्हणजे हिशोबाची हद्द, नावाचा मजकूर असतो, बारीक अक्षरात, तो आधी वाचा. कुठले प्लांट वगळलेत, तुलनेचं बेस इयर मध्येच बदललंय का, आणि अपघातांच्या आकड्यात कंत्राटी कामगार धरलेत का. हे शेवटचं मी सगळ्यात आधी शोधते, कारण धोक्याची कामं बरेचदा त्यांच्याच वाट्याला येतात आणि 'शून्य अपघात' लिहिणाऱ्या कंपनीने त्यांना मोजलंच नसेल तर बाकीचा रिपोर्टही मला पुन्हा पहिल्यापासून तपासावा लागतो.